जाळीच्या दगडाची मागची बाजू

आत्याला काही देऊन बघायचा नाद गावानं कधीच सोडला होता. वस्तू हातात पडली की ती तिच्यावरून मायेनं हात फिरवायची, "वा, काय सुरेख आहे" म्हणायची, आणि आठवडा उलटायच्या आत तीच वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर नाहीतर खिडकीत दिसायची. लोकरीची शाल पोस्टमनच्या आईकडे गेली. रेडिओ समोरच्या न्हाव्याकडे गेला आणि तिथे तो अजून वाजतोय. भाच्यानं पहिल्या कमाईतून आणलेलं मनगटी घड्याळ तर तिनं भाच्याच्याच मित्राला दिलं. का, तर म्हणे त्याला कामावर जायला उशीर होतो.

"अगं, पण ते मी तुला दिलं होतं!" भाचा तेव्हा पाय आपटत म्हणाला होता.

"मिळालं की मला. दोन दिवस घातलं. आता त्याला घालू दे."

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. घरातल्या कुठल्याही वस्तूला ती 'माझी' म्हणतच नसे. घरातली छत्री, घरातली खुर्ची, घरातला आरसा. आपल्या नावावर काही ठेवायचं या बाईच्या स्वभावातच नव्हतं, आणि अशा माणसाचे उपकार फेडायचे कसे, हा प्रश्न भाच्याला जन्मभर पुरला.

भाचा आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ होता. कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे त्याची लांबट खोली होती. तिथे एका बाजूला प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, दुसऱ्या बाजूला गुलाबी मेण, छोटा दिवा आणि पातळ पात्यांच्या सुऱ्या. अर्धं म्हातारं गाव त्याच्या हातच्या दातांनी हसत होतं. गाव त्याला बत्तीशी म्हणायचं. आत्या मात्र गोंद्या म्हणायची, कारण लहानपणी तो तिच्या पायाला गोंदासारखा चिकटून असायचा.

चिकटून असण्यामागे कारण होतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आई गेली, वडिलांनी दुसरीकडे संसार थाटला, आणि याला एका पिशवीसकट आत्याच्या दारात आणून सोडलं. तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. महिनाभरात पोरानं एक गोष्ट ताडली, ती म्हणजे या घरात चांगली वस्तू टिकत नाही. कुणी येतं, "छान आहे हो" म्हणतं, आणि आत्या ती वस्तू त्याच्या हातात देते. म्हणून पाहुणे आले की तो नाक पुसायचा नाही, केस विंचरू द्यायचा नाही, आणि कुणी गाल ओढून "गोड आहे हो पोरगं" म्हणालं की भोकाड पसरायचा. आपण छान दिसलो तर आपल्यालाही देऊन टाकतील, ही त्याची भीती. त्यातून आत्या त्याची ओळख करून द्यायची ती "हा भावाचा मुलगा" अशी. म्हणजे दुसऱ्याचाच, काही दिवस घरात ठेवलेला.

आत्या शर्टांच्या कारखान्यात होती. तिथे कुणी बाह्या जोडायचं, कुणी काजं करायचं, आत्याकडे कॉलरी होत्या. दिवसभर कॉलरी शिवून तिची बोटं आखडायची, आणि सुट्टीच्या दिवशी तीच आखडलेली बोटं पोराच्या हाताला धरून त्याला समुद्रावर न्यायची. घरी रडून आकांत करणारं पोर तिथे गेलं की गप्प व्हायचं. पाऊस नसला, की गप्प करायला दुसरं औषध लागत नसे.

आता तिची नजर गेली होती. आधी वर्तमानपत्रातली अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, मग खिडकीचा उजेडही गेला. त्यावरही तिनं विनोद केले. पण गेल्या थंडीत ती न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी बत्तीशीला बाजूला घेऊन सांगितलं की आता खोलीतल्या खोलीत चाललं तरी पुष्कळ. तेव्हापासून तिची बडबड आटत चालली होती. शेजारीण रोज केस विंचरायला यायची आणि गावभरच्या बातम्या सांगायची. आत्या हं हं करायची. बत्तीशीला ते हं हं ऐकवत नव्हतं.

एका संध्याकाळी तो तिच्या पलंगाशी बसला. "आत्या, काहीतरी माग की गं माझ्याकडे. आयुष्यात एकदा तरी."

"काय मागू?"

"काहीही. तू म्हणशील ते आणतो."

आत्यानं थोडा वेळ विचार केला आणि किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जुना खट्याळपणा आला. "मग समुद्रावरचा जाळीचा दगड आण."

बत्तीशी हसला. तीही हसली. मग हसणं ओसरलं आणि ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पुन्हा एकदा हात लावायचा होता रे त्याला. राहिलंच."

झालं. ज्या बाईनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, तिनं मागितला तो दोन पुरुष उंचीचा खडक. बत्तीशी रात्री जेवायला बसला तरी त्याचं लक्ष ताटात नव्हतं. बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं.

"त्यात काय?" बायको म्हणाली. "तुम्ही माणसांच्या तोंडाची मापं घेता. दगडाचं घ्या. तो बिचारा ओकारीही काढणार नाही."

बत्तीशीचा घास हातातच राहिला. बायकोच्या अकलेबद्दल त्याला आदर होताच. पण ही गोष्ट आपल्याला सुचली नाही, याचं त्याला वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्या किनाऱ्यावरचे खडक म्हणजे निसर्गाचा रिकामपणाचा उद्योग आहे. एरवी दगड म्हटला की ओबडधोबड, पण इथे प्रत्येकाची तऱ्हा निराळी. वाळूत अर्धवट रुतलेले गोल गरगरीत गोळे आहेत, त्यांना गाव भोपळे म्हणतं. त्यातला एक मधोमध फुटलाय आणि आत खरोखरच भोपळ्यासारख्या शिरा आहेत. पुढे टोपीवाला आहे. बारीक मान आणि त्यावर हे भलंमोठं डोकं, आज पडेल की उद्या, असं वाटत राहतं, आणि आजोबांच्या आजोबांनाही तसंच वाटायचं. एका खडकाला आरपार भोक आहे. वारा सुटला की तो शिट्टी मारतो आणि नवखी माणसं मागे वळून बघतात. सगळ्यात शेवटी, पाण्याच्या काठावर, जाळीचा दगड. त्याचं समुद्राकडचं अंग खळग्यांनी भरलेलं आहे. बोट जाईल एवढे, मूठ जाईल एवढे, कुठे डोकं जाईल एवढे, आणि खळग्याखळग्यांमध्ये पातळ भिंती. खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं, मिठाचे खडे धरतात आणि दगडाचा कण न् कण आतून सुटत जातो, असं जाणते लोक सांगतात. मीठ असं जाळीकाम करू शकतं हे खरं मानायला माणसाला तो दगड बघावाच लागतो.

ओहोटीला बत्तीशी तिथे पोचला तेव्हा काही मंडळी दगडासमोर उभी राहून फोटो काढत होती. त्यानं पिशवीतून सामान काढलं. निळा आणि पांढरा असा दोन रंगांचा रबरी लगदा असतो. दोन्ही एकत्र मळले की थोड्याच वेळात घट्ट होतात, आणि ज्यावर दाबले असतील त्याची रेघ न् रेघ उचलतात. पुन्हा ओढले की सोलून निघतात, दगडाला ओरखडाही पडत नाही. लगदा थापायला त्यानं बायकोचा चहाचा मोठा ट्रे न विचारता आणला होता.

कुठला भाग घ्यायचा याचा त्याला जराही विचार करावा लागला नाही. समोर, कमरेच्या खाली, सगळ्यात नाजूक जाळी होती. लहानपणी तो त्याच खळग्यांत शिंपले मांडून ठेवायचा. एक खळगा किराणा दुकान, एक शाळा, एक दवाखाना. त्यानं गुडघे टेकले, लगदा मळला, ट्रेवर थापला आणि दगडाला दाबून धरला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हलायचं नाही हं." फोटो काढणाऱ्या बाई दचकून जागच्या जागी थांबल्या.

माप झकास आलं. घरी त्यात प्लास्टर ओतायला घेतलं, तर बायको म्हणाली, "नुसतं प्लास्टर हाताला खडूसारखं लागेल. वाळू घाला की तिथली." वाळू घातली. दोन दिवसांनी रबर सोलून काढलं आणि समोर जाळीच्या दगडाचा एक तुकडा उभा राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हुबेहूब. बत्तीशीनं आयुष्यात इतक्या कवळ्या केल्या, पण अशी सफाई कधी साधली नव्हती. तो स्वतःवरच खूश झाला.

आत्याला उशा लावून बसवलं. तुकडा मांडीवर ठेवला. शेजारीण कंगवा हातात धरून बघत उभी राहिली. आत्यानं दोन्ही हातांनी तो चाचपला, खळग्यांत बोटं घातली, भिंतींवरून अंगठा फिरवला.

"वा," ती म्हणाली. "काय सुरेख आहे."

हे शब्द बत्तीशीला पाठ होते. आणि झालंही तसंच. आत्यानं शेजारणीच्या दिशेनं मान वळवली. "तुझ्या खिडकीतल्या कुंड्यांना टेकू हवा होता ना गं? बघ बरं, हा कसा होतो."

"आत्या!" बत्तीशी ओरडला. "अगं, हा जाळीचा दगड आहे. तू मागितलेला!"

"हो का?" आत्यानं पुन्हा हात लावला. मग हळूच म्हणाली, "असेल बाबा. पण हा नव्हे."

"हाच आहे. माप घेऊन केलाय. केसाचा फरक नाही."

"असेल. पण माझ्या हाताला ओळखीचा लागत नाही."

आता बत्तीशी जे बोलला ते बोलायला नको होतं, पण धंद्याची जीभ ती. कवळी टोचते, बसत नाही, बोलताना खडखडते अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो जे म्हणायचा तेच त्याच्या तोंडून निघून गेलं. "सवय होईल."

शेजारणीनं कंगवा तोंडावर धरला. आत्या मात्र खो खो हसली. खुब्याला कळ लागेपर्यंत हसली. "अरे गोंद्या, दगडाची सवय व्हायचीय का मला? आठवणीला कवळी बसवतोस काय?"

हसू आवरल्यावर बत्तीशीनं ओशाळून विचारलं, "मग तुझा कुठला ते तरी सांग. समोरचाच भाग आहे हा. तिथेच तर आपण असायचो."

"तू असायचास," आत्या म्हणाली. "मी समोर कधी गेलेच नाही. मी मागे असायचे. तुझ्या मागे."

"मागे कुठे?"

"ते कसं सांगू? हात गेला की कळायचं. आता हात जात नाही." आणि तिनं उशीवर डोकं टेकलं. पुन्हा ते हं हं सुरू होणार, हे बत्तीशीला दिसलं.

तो खोलीबाहेर आला आणि जिन्यात बसला. त्याला आठवून आठवून एवढंच आठवत होतं की समोर समुद्र असायचा, पायाशी फेस असायचा, खळग्यांत शिंपले असायचे आणि मागून आवाज यायचा, "पुढे बघ रे. मागे नको, पुढे बघ." आत्या कुठे उभी असायची हे त्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? त्यानं मागे वळून कधी पाहिलंच नव्हतं. वळायची गरजच पडली नव्हती, कारण मानेशी कॉलर घट्ट धरलेली असायची.

बायको चहा घेऊन आली आणि त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"ट्रे कुठाय माझा?" तिनं विचारलं.

"त्याला लगदा चिकटलाय. अगं, माझं चुकलं काय ते आता कळतंय. मी नुसतं माप घेतलं. मापावर कवळी होत नाही. खालचा जबडा वरच्याला कसा भेटतो ते बघावं लागतं. माणसाला सांगावं लागतं, नेहमीसारखं चावून दाखवा. एका जबड्याला काही अर्थ नसतो."

"मग दुसरा जबडा आणा."

"कुठून? आत्या तर अशी."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं, जसं ती भाजी निवडताना किडक्या शेंगेकडे बघायची. "उंची काय आहे आत्यांची?"

"तुझ्याएवढीच." आणि मग बत्तीशीच्या डोक्यात उजेड पडला.

पुढच्या ओहोटीला त्या किनाऱ्यावर जे दृश्य दिसलं त्याची चर्चा गावात बरेच दिवस चालू होती. अर्ध्या गावाचे दात बसवणारा प्रतिष्ठित माणूस जाळीच्या दगडासमोर गुडघ्यांवर उभा होता, लहान मुलाएवढा होऊन, शिंपल्यांच्या खळग्यांना खेटून, समुद्राकडे तोंड करून. आणि त्याची बायको दगडाच्या मागे, कडेशी उभी राहून त्याची कॉलर धरायला बघत होती.

"आणखी जवळ ये."

"पुढे नाही येता येत. पुढे सगळं शेवाळ आहे. पाय सटकतोय माझा."

"मग आत्यालाही येता येत नसणार. तिथेच थांब आणि हात लांब कर."

बायकोनं डावा हात लांब केला. बोटं जेमतेम कॉलरपर्यंत पोचली. तेवढ्यात एक लाट आली. फार मोठी नव्हती, पण तिनं बत्तीशीच्या गुडघ्यांखालची वाळू ओढली आणि तो पुढे कलला. बायको किंचाळली. तिचा डावा हात कॉलरवर आवळला आणि उजवा हात आधार शोधत दगडाच्या मागच्या अंगावर फिरला. दगडाच्या त्या अंगाचा कुणी कधी फोटो काढत नाही. ते सपाट आणि राखाडी आहे. पण तिथे काठाजवळ एक खोबण आहे, तोंडाशी अरुंद, आत रुंद. बायकोची चार बोटं सरळ त्या खोबणीत गेली आणि अडकली, जणू कडीत कडी.

लाट मागे गेली. बत्तीशी खोकत होता.

"सापडली," बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "अहो, सापडली जागा. हात आपोआप गेला."

"हलू नकोस!"

"नाही हलत. पण ऐका ना." तिनं मान इकडेतिकडे करून बघितली. "इथून समुद्र दिसत नाही हो."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसतच नाही. मध्ये दगड येतो. लाट येताना नुसती ऐकू येते. इथून फक्त तुमची मान दिसते."

बत्तीशी गुडघ्यांवर तसाच राहिला. आत्याला पोहता येत नव्हतं हे त्याला माहीत होतं. पाण्याची तिला धास्ती होती हे मात्र आत्ता, या वयात, वाळूत गुडघे रुतलेले असताना त्याच्या ध्यानात आलं. न्हाणीघरातली बादलीसुद्धा ती तोंडापर्यंत भरू द्यायची नाही. होडीत बसायचं नाव काढलं की तिला अचानक काम आठवायचं. आणि ही बाई दर सुट्टीला कारखान्यात आखडलेली बोटं घेऊन इथे यायची, शेवाळाच्या काठावर उभी राहायची, न दिसणाऱ्या लाटेचा आवाज ऐकायची आणि एका हातानं दगड, दुसऱ्या हातानं भावाचं पोर धरून ठेवायची. समुद्र त्याला दिसावा म्हणून. तिला तो तिथून कधी दिसलाच नाही. किती वर्षं, आणि एकदाही ती "चल आता, पुरे" म्हणाली नव्हती. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. समुद्राचं पाणी तोंडावर होतंच, त्यामुळे बायकोला ते कळलं नाही, असं त्याला वाटलं. बायकोला कळलं होतं.

"उठा आता," ती म्हणाली. "भरती लागायच्या आत माप घ्या."

त्यानं लगदा मळला. खोबणीत बोटानं आतपर्यंत कोंबला, भोवतीच्या दगडावरही हातभर पसरला आणि तळवा दाबून उभा राहिला. पाणी हळूहळू घोट्याशी येत होतं. बायकोनं त्याची कॉलर सोडली नव्हती. लगदा घट्ट झाल्यावर त्यानं ओढला, तर पुचकन आवाज करत आल्याच्या गड्ड्यासारखा जाड वेडावाकडा तुकडा बाहेर आला. या वेळी त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. जाळी नाही, नक्षी नाही. त्यानं तो रुमालात असा गुंडाळला, जसं काचेचं भांडं.

खोलीवर त्यानं वाळू कालवलेलं प्लास्टर त्या तुकड्याभोवती ओतलं. वाळल्यावर रबर आतून ओढून काढलं आणि काठ घासले. राखाडी, सपाट ठोकळा, त्याला एक भोक. दातांचे डॉक्टर सहज मागच्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, "हे काय बिघडलं तुमच्याकडून?" बत्तीशीनं ठोकळा रुमालात गुंडाळला.

सकाळचं ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. शेजारीण अजून यायची होती. बायकोनं आत्याला बसतं केलं, पाठीशी उशा दिल्या आणि ठोकळा उजव्या बाजूला, हाताच्या उंचीला, दोन पुस्तकांवर टेकवला. समुद्राच्या पाण्याची बाटली तिनं आठवणीनं आणली होती. तिनं तो ओला केला. मग दोघंही बाजूला झाली.

"काय आहे?" आत्यानं विचारलं. "तोच कुंड्यांचा टेकू का?"

आत्याचा हात ठोकळ्यावर आला. वरून फिरला, काठावरून गेला, थांबला. बोटं पुढे सरकली. आणि मग ती चार बोटं, सांधे सुजलेली, नखं झिजलेली, खोबणीत आत गेली.

तिचे खांदे ताठ झाले, पाठ उशीपासून सुटली, आणि डावा हात वर उठून हवेत काहीतरी शोधू लागला.

बत्तीशीला कुणी सांगावं लागलं नाही. तो पलंगाला पाठ करून जमिनीवर बसला, सरकत सरकत मागे गेला आणि त्यानं मान तिच्या हाताखाली नेली. बोटांना केस लागले, मान लागली, कॉलर लागली. अंगठा शिवणीवरून फिरला.

"कुणी शिवलीय ही?" आत्या म्हणाली. "टाके बघ केवढे लांब. एका लाटेत सुटेल."

"विकतची आहे गं."

"मी शिवलेल्या सुटायच्या नाहीत. म्हणून तर धीर होता." आणि तिनं ती विकतची कॉलर मुठीत घट्ट आवळली. "हां. आता पुढे बघ."

बत्तीशीनं पुढे बघितलं. पुढे कपाटाचं दार होतं.

"आत्या, तुला तिथून समुद्र दिसत नव्हता ना?"

"तुला दिसत होता की."

"भीती वाटायची?"

"वाटायची तर! जीव मुठीत धरून उभी असायचे." ती हसली. "पण तू गप्प व्हायचास ना तिथे. घरी रडून रडून नुसता निळा पडायचास. म्हटलं, पोराला हे आवडतंय, तर आवडू दे."

इतकी वर्षं जे बोलायचं होतं ते बत्तीशी कपाटाच्या दाराकडे बघत बोलला. "तू धरलं होतंस म्हणून मला सगळं दिसलं गं. समुद्र पण, आणि पुढचं सगळं पण. शाळा, धंदा, संसार, सगळं. मी कधी मागे वळून बघितलं नाही, कारण तू आहेस हे ठाऊक होतं. त्याचं मी काय देणार तुला? हे एक भोक आणलंय."

"चांगलं आणलंयस," आत्या म्हणाली. "बरोब्बर आणलंयस. आता सांग, काय दिसायचं तिथून? मला कुणी सांगितलंच नाही कधी."

मग त्यानं तिला सांगितलं. पाण्याचा रंग सकाळी कसा असतो आणि दुपारी कसा होतो. लाट फुटण्याआधी क्षणभर हिरवी काच होते. दूरची होडी हलत नाही असं वाटतं, आणि खळग्यात शिंपला मांडेपर्यंत ती गेलेली असते. फेस खळग्यांत शिरतो आणि जाळीच्या भोकाभोकांतून दुधासारखा गळतो. आत्या ऐकत होती आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, खोचक, भराभर, जुन्यासारखे. बायको दाराशी उभी राहून डोळे पुसत होती.

तेवढ्यात शेजारीण कंगवा घेऊन आली. तिनं आधी ठोकळा बघितला. "अय्या, हा कुठला दगड? ओला आहे, आणि वास पण समुद्राचा येतोय. छान आहे हो आत्या."

बत्तीशीचे कान टवकारले. पन्नाशीचा माणूस, पण हात आपोआप विंचरलेले केस विस्कटायला गेला.

आत्यानं खोबणीतली बोटं काढली नाहीत. "हो ना?" ती म्हणाली. "हात लावून बघ हवं तर. पण न्यायचा नाही हं. माझा आहे तो."

शेजारणीला त्यात विशेष काही वाटलं नाही. बायको मात्र दाराशी थबकली. शेजारणीची नजर खाली गेली. जमिनीवर, पलंगाला टेकून, कॉलर आत्याच्या मुठीत देऊन बत्तीशी फतकल मारून बसला होता. तिला हसू फुटलं.

"आणि हे इथे खाली काय बसवून ठेवलंय?"

"तो पण," आत्या म्हणाली, आणि मूठ आणखी आवळली. "तोही माझाच आहे."